व्हिएन्नात एकच संध्याकाळ मोकळी आहे. ऑपेरातलं काही कळत नाही, तरी जावं का?

जा. पण महागडं तिकीट काढून नव्हे, उभं राहून बघा.

तुम्ही तीन अडचणी लिहिल्या आहेत: भाषा येत नाही, दोनशे युरो परवडत नाहीत आणि सुटाबुटातल्या लोकांत अवघडल्यासारखं होईल. मी नोकरीनिमित्त या गावात राहतो, आणि इथल्या श्टाट्सओपरमध्ये, म्हणजे सरकारी ऑपेरागृहात, बहुतेक वेळा उभ्यानंच नाटक बघतो. उभ्याची तिकिटं वीस युरोंच्या आत मिळतात. ती प्रयोगाच्याच दिवशी विकली जातात, सकाळी ऑनलाइन आणि संध्याकाळी पडदा उघडण्याच्या साधारण सव्वा तास आधी खिडकीवर. खालच्या मजल्यावर, भारी खुर्च्यांच्या थेट मागे जागा मिळाली तर घ्याच; दिसतं उत्तम. ती नसेल तर सगळ्यात वरची गॅलरी. तिथून दिसतं कमी, ऐकू मात्र छान येतं.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे समोरच्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधायचा. जागा तुमची झाली, आता खुशाल पाय मोकळे करून या. बांधलेला रुमाल कोणी सोडत नाही. कपड्यांचं म्हणाल, तर स्वच्छ शर्ट-पँट पुरते. जाड कोट मात्र बाहेर जमा करावा लागतो. आणि इमारतीबाहेर मोझार्टसारखा टोप घालून तिकिटं विकणारी पोरं भेटतील, त्यांच्याकडून काही घेऊ नका. ती सहसा पर्यटकांसाठीच्या वेगळ्याच मैफलींची तिकिटं असतात.

आता 'कळत नाही' याबद्दल. समोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत ओळी येत राहतात. तरी माझं मत असं, की गोष्ट घरूनच वाचून जावी आणि पडद्याकडे कमीत कमी बघावं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' बघायला पुण्यात जे लोक जमले, ते शकुंतलेचं पुढे काय होतं हे कळावं म्हणून थोडेच आले होते? गोष्ट ठाऊकच होती. ती गाऊन कशी सांगतात, ते ऐकायचं होतं. नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला ऑपेरा परका वाटू नये तो यामुळेच.

फरकही मोठा आहे. आपल्याकडे पद रंगलं की गायकनट ते खुलवत न्यायचा, ऑर्गनवाला आणि तबलजी त्याच्या मागून जायचे, समोरून 'वन्स मोअर' आला की पुन्हा पहिल्यापासून. बालगंधर्वांच्या नाटकांना पहाट व्हायची ती उगाच नाही. इथे स्वर न् स्वर कागदावर लिहिलेला, मंचापुढच्या खड्ड्यात मोठा वाद्यवृंद आणि सगळ्यांची दोरी वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातात. व्हिएन्नाची नववर्षाची मैफल टीव्हीवर बघितली असेल, तर ती वाजवणारा व्हिएन्ना फिलहार्मोनिक याच वाद्यवृंदातल्या वादकांचा. एवढ्या वाद्यांच्या वरून, सतराशेच्या आसपास खुर्च्यांच्या सभागृहात, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा आणि तोही माईकशिवाय! मी तुम्हाला जा म्हणतोय ते खरं तर एवढ्यासाठी. रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच समजत नाही. तिथे सगळेच आवाज मोठे असतात.

त्या दिवशी पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा 'तोस्का' असेल तर दुसरा विचार करू नका. १८०० सालचं रोम, एक गायिका, तिचा चित्रकार प्रियकर आणि तिच्यावर डोळा असलेला पोलीसप्रमुख. शेवट सांगत नाही. इथे अजून १९५८ सालचीच मांडणी चालते; तेव्हा वाद्यवृंद कारायान या नामवंत संचालकाच्या हाती होता. गायक बदलत गेले, नेपथ्य तेच. तिसऱ्या अंकात मृत्यूची वाट बघणारा चित्रकार एक गाणं म्हणतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये योनास काउफमान या जर्मन गायकानं ते असं गायलं की टाळ्या थांबेनात. शेवटी त्यानं ते पुन्हा म्हटलं. इथे ही गोष्ट क्वचितच घडते. पुढच्या क्षणी नायिकेचा प्रवेश, आणि नायिका मंचावर नाहीच! काउफमाननं त्याच सुरात 'आपल्याकडे सोप्रानो (उंच पट्टीची गायिका, म्हणजे इथे नायिका) नाही' असं गाऊन टाकलं. 'वन्स मोअर'ची सवय नसलेल्या घराची ही गत.

मध्यंतरात जिना आणि दर्शनी दालन बघून घ्या. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सभागृह आणि रंगमंच जळून गेले, हा भाग वाचला; तो १८६९ चा आहे. प्रेक्षागृह १९५५ साली नव्यानं उघडलं, म्हणून आत गेल्यावर ते जरा साधं वाटतं.

'तोस्का' नसेल तर 'ला बोएम' किंवा 'सेव्हिलचा न्हावी' चालेल. वाग्नर या जर्मन संगीतकाराचा ऑपेरा असेल तर उभं राहू नका, बरेचदा पाच-पाच तास चालतो. पैसे अजिबात घालवायचे नसतील, तर एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये काही प्रयोग बाहेरच्या चौकात भल्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, फुकट, आणि बसायला खुर्च्याही असतात. पण तिथे आवाज कर्ण्यातून येतो, म्हणजे पडदा आणि हवा छान असली तरी ज्यासाठी जा म्हटलं नेमकं तेच मिळत नाही.