कार्बोरेटर उघडण्याआधी

वाचकांचे प्रश्न : जुनी मोटरसायकल

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, जवळपास गेलाच. नागपुरात मात्र दूध, भाजी, डबे पोचवणाऱ्या जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत. या महिन्यातली बरीचशी पत्रे एकाच वाक्यावर येऊन थांबतात : ‘मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटरच बदला.’ बहुतेक वेळा त्याची गरज नसते, म्हणून या वेळी सगळी जागा कार्बोरेटरच्या प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : माझी १०० सीसीची चार-स्ट्रोक गाडी १९९९ ची आहे. दोन महिने उभी होती. आता चोक ओढला तरच चालू होते आणि चोक सोडला की बंद पडते. रेस धरून ठेवली तर चालते. दोनदा कार्बोरेटर साफ करून घेतला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. (सक्करदरा)

उत्तर : चोक सोडला की बंद आणि रेस धरली की चालू, एवढ्यावरून दोष कुठे आहे ते कळते. रेस नसताना इंजिनाला पेट्रोल मिळते ते पायलट जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या छोट्या पितळी नळीतून. रेस पाव ते पाऊण असताना जेट नीडल, म्हणजे स्लाइडला (रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला) लटकलेली सुई, काम करते आणि त्यापुढे मेन जेट. तुमची गाडी रेसवर चालते, म्हणजे मेन जेट आणि सुई ठीक आहेत. पायलट जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर आधी तिथेच बसतो.

पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा, फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल बाटलीत काढा. वरचे झाकण उघडून स्लाइड केबलसकट बाहेर घ्या आणि मग कार्बोरेटर उतरवा. एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे गेले ते कागदावर लिहा. हा आकडा न लिहिल्यामुळे साफसफाईनंतर अनेक गाड्या बिघडतात.

पायलट जेट पितळेचा आणि मऊ असतो. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर वापरा, नाहीतर डोके खराब होऊन जेट आतच अडकतो. काढल्यावर उजेडासमोर धरा. भोकातून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. टाचणी किंवा स्टीलची तार त्यात कधीही घालू नका. भोक केसभर मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी हवा मारा.

तुमच्या गाडीत कदाचित इथेच कसर राहिली असावी : जेट साफ झाला, पण त्याची वाट नाही. जेटच्या जागेत क्लीनरची नळी लावून फवारा मारा. स्लाइडजवळच्या दोन बारीक छिद्रांतून आणि एअर स्क्रूच्या जागेतून धार बाहेर यायला हवी. आली नाही तर कॉम्प्रेसरची हवा द्या, पण त्याआधी फ्लोट (चेंबरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग), फ्लोटची पिन (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी) आणि रबरी रिंगा काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पंधरा दिवसांनी दोष परत येतो याचे कारण टाकीत आहे. कॉक उतरवून त्याची जाळी पाहा. फाटकी किंवा गायब असेल तर टाकीतला गंज सरळ खाली येतो. टाकी रिकामी करून स्वच्छ पेट्रोलने दोन-तीनदा खळखळवा, जाळी नवी घाला. मग कॉकची नळी बाटलीत सोडून पाहा. धार अखंड पडली पाहिजे.

सगळे बसवल्यावर गाडी दहा मिनिटे चालवून गरम करा आणि एअर स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. आकडा हाताशी नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. पाव-पाव फेरा फिरवत इंजिन जिथे सर्वांत वेगात आणि एकसारखे चालेल तिथे थांबा, मग स्लोचा (रेस नसतानाचा वेग ठरवणारा) स्क्रू कमी करून इंजिनाचे फेरे मिनिटाला १४०० च्या आसपास ठेवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्याने मिश्रण पेट्रोलने दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर नेमके उलटे होते.

प्रश्न : टू-स्ट्रोक गाडी आहे, पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळून चालवतो. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून पिकअप घेताना अडखळते, प्लग पांढरा पडतो. जेट मोठा टाकू का? (हिंगणा रोड)

उत्तर : तुमची शंका बरोबर आहे, पण घाई करू नका. एक किलो साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन हवे, आणि तुमचा जेट जुन्याच मापाचा आहे. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन जास्त तापते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जॅम होण्याची भीती खरी आहे, त्यात नागपूरचा मे महिना. म्हणून हा प्रश्न सोडवेपर्यंत वर्धा रोडवर फुल रेसने गाडी ताणू नका.

पण पांढरा प्लग हवेच्या गळतीनेही होतो. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील झिजले की तिथून हवा शिरते, आणि मग जेट बदलून काही हाती लागत नाही. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबर आधी पाहा. मॅग्नेट बाजूचा सील तेलकट दिसत असेल तर तो आधी बदला.

गळती नाही अशी खात्री झाली की सुईकडे वळा. सुईवर खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली बसवा. सुई तेवढी वर उचलली जाते आणि अर्ध्या रेसवर जास्त पेट्रोल मिळते. तरी फुल रेसवर अडखळली तर मेन जेट एकच माप मोठा घ्या, तोही त्याच कंपनीच्या कार्बोरेटरचा. मिकुनी आणि केहिन या दोन कार्बोरेटर कंपन्यांच्या जेटवरचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीचे असतात, एकाचा ९५ म्हणजे दुसऱ्याचा ९५ नव्हे. बदलानंतर स्वच्छ प्लग लावून एक चक्कर मारा आणि प्लग थंड झाल्यावर काढून पाहा : चहाच्या रंगाचा हवा.

पेट्रोलची जुनी काळी नळी वाकवून बघा. चिरा दिसल्या तर इथेनॉल सोसणारी नवी नळी घाला. इथेनॉल पाणी धरते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करूनच ठेवा.

प्रश्न : रात्रभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल टपकते. आता इंजिन ऑइललाही पेट्रोलचा वास येतो. गाडी चार-स्ट्रोक आहे. (इतवारी)

उत्तर : वास येतो तोवर गाडी चालू करू नका. पेट्रोल इंजिनात उतरले आहे, ऑइल पातळ झाले आहे आणि अशा ऑइलवर बेअरिंग लवकर जातात. आधी कार्बोरेटर दुरुस्त करा, मग ऑइल बदला, आणि तोपर्यंत कॉक बंद ठेवा.

तुमच्या गाडीत फ्लोटची पिन पेट्रोल अडवत नाही. पिनच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर पिन बदला. बसायच्या जागेवर कचरा असेल तर कापसाच्या काडीवर मेटल पॉलिश लावून घासा आणि नीट धुऊन काढा. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डचमळत असेल तर तो बुडतो आहे, नवा घ्या. पेट्रोलच्या नळीतून फुंकर मारा : कार्बोरेटर सरळ धरल्यावर हवा जावी, उलटा धरल्यावर पूर्ण अडावी.

पातळी पाहायला चेंबरच्या तळाच्या नळीला पारदर्शक पाइप लावून चेंबरच्या बाजूने उभा धरा आणि तळाचा स्क्रू सैल करा. पेट्रोल चेंबरच्या जोडाच्या थोडे खाली थांबले पाहिजे, किती मिलिमीटर ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

प्रश्न : उन्हात गाडी चालवून दहा मिनिटे थांबले की पुन्हा चालूच होत नाही. अर्ध्या तासाने एका किकमध्ये होते. सकाळी काही त्रास नाही. (धरमपेठ)

उत्तर : ताई, पारा ४५ च्या आसपास असताना बंद इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, चेंबरमधले पेट्रोल उकळते आणि आत जाऊन इंजिन ओले करते. पुढच्या वेळी प्लग काढून बघा. ओला असेल तर हेच कारण. कॉक बंद, चोक बंद, रेस पूर्ण उघडी ठेवून पाच-सहा किक मारा, मग चालू झाल्यावर कॉक उघडा. कार्बोरेटर आणि इंजिनमध्ये उष्णता अडवणारी बेकलाइटची जाड पट्टी आहे का तेही तपासा. दुरुस्तीत ती राहून गेली की हा त्रास सुरू होतो.

प्लग कोरडा असेल तर टाकीचे झाकण उघडा. सुस्कारा ऐकू आला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. आणि गरम असताना ठिणगीच पडत नसेल तर कार्बोरेटरला हात लावू नका, ठिणगी देणारे भाग, म्हणजे कॉइल किंवा सीडीआय, तपासून घ्या.

प्रश्न : रेस सोडली तरी फेरे खाली येत नाहीत, इंजिन आपोआप ताणते. (कामठी)

उत्तर : आधी केबल पाहा. हँडल दोन्ही बाजूंना वळवून फेरे बदलले तर केबल ओढली जाते आहे. नाही बदलले तर कार्बोरेटरच्या जोडावर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज बदलला की तिथून हवा शिरते आहे. बोल्ट जोरात आवळून अनेकांच्या कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट कड, वाकलेली असते. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासा, ओ-रिंग नवी घाला आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळा.

प्रश्न : पिकअपसाठी मोठ्या गाडीचा कार्बोरेटर लावू का? (मानेवाडा)

उत्तर : नको. भोक मोठे झाले की कमी वेगात हवेचा ओढा घटतो, स्लो बसत नाही, एव्हरेज जाते. तुमच्या पत्रात एअर फिल्टरचा उल्लेख नाही. सिमेंट रस्त्यांच्या धुळीत तोच आधी भरतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, साबणाच्या पाण्याने परत धुऊन, सावलीत वाळवून इंजिन ऑइलचे चार थेंब चोळून पिळा. कागदाचा असेल तर आतून बाहेर हवा मारा, आणि काळा पडला असेल तर नवा घ्या.