नोकरी करता करता जागतिक आरोग्याची एमएस्सी

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंग आहे. ब्रिटिश विद्यापीठातून जागतिक आरोग्य व शाश्वत विकास या विषयात ऑनलाइन एमएस्सी करायची आहे. आठवड्याला किती वेळ लागेल? प्रबंधासाठी गावोगाव फिरावं लागेल का?

उत्तर : तिकडची एमएस्सी 180 क्रेडिटची असते. एका क्रेडिटला साधारण 10 तास, म्हणजे एकूण 1800. तीन वर्षांत आठवड्याला जवळपास 12 तास पडतात. रात्रपाळी करून आल्यावर ते होत नाहीत. सुटीचा दिवस त्यासाठी राखूनच ठेवा. सरकारी नोकरीत ही पदवी चालेल का, हेही प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

प्रबंधासाठी गावोगाव मुलाखती घ्यायच्या तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात. त्यापेक्षा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची (2019-21) आधीच गोळा झालेली माहिती वापरा. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण पाहते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे भारांक, म्हणजे कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा, विसरणं. महिलांच्या फाइलमधला 'व्ही005' हा रकाना 10 लाखांनी भागा, तो भारांक लावा आणि मगच टक्केवारी काढा. नाहीतर ज्या गटातून नमुना जास्त घेतला, त्याचंच पारडं जड होतं. एकाच वस्तीतल्या बायकांची उत्तरं मिळतीजुळती असतात, म्हणून 'व्ही021' हा समूह-क्रमांकही सॉफ्टवेअरला सांगा. 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढं पुरतं.