'कोलेयोश' की 'कोलेयाश'?

प्रश्न असा आहे: 'पोलंडमधल्या लेख पोझनान या फुटबॉल क्लबला चाहते "कोलेयोश" म्हणतात. पोलिश शब्दकोशात मात्र "कोलेयाश" मिळतो, अर्थ रेल्वे कामगार. मग मफलरींवर आणि फलकांवर सगळीकडे ओ कसा? चूक आहे का ही? आणि मराठीत याला काय म्हणावं?'

चूक नाही. तो ओ पोझनानच्या बोलीतला आहे आणि सगळी गंमत त्या एका स्वरातच आहे. जुन्या पोलिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेद होता. त्यातला दीर्घ आ पुढे आ आणि ओ यांच्या मधोमध कुठेतरी उच्चारला जाऊ लागला. प्रमाण भाषेत तो पुन्हा साध्या आ-मध्ये मिसळून गेला, पण वियेल्कोपोल्स्का म्हणजे पोझनानच्या परिसरात आणि इतरही काही बोलींमध्ये तो ओ-कडे झुकला. म्हणून प्रमाण पोलिशमध्ये बेकरीवाला 'पियेकाश', तर बोलीत 'पियेकोश'. तसाच कोलेयाशचा कोलेयोश झाला. (शेवटचा श लिहिताना आर आणि झेड अशी दोन अक्षरं येतात. त्यामुळे आपल्याकडे कुणी 'कोलेजोर्झ' वाचलं तर त्याला दोष देता येत नाही.)

आपल्याकडे 'पानी' म्हटलं की शाळेत मास्तर 'पाणी म्हण, पाणी' म्हणून टोकायचे. पोझनानकरांनी त्यांचं 'पानी' थेट मफलरीवर विणून घेतलं, एवढाच फरक. या शहराला आपल्या बोलीचा अभिमान दांडगा. बटाट्याला ते 'पिरी' म्हणतात आणि बाकीचा पोलंड खुद्द पोझनानकरांनाच चेष्टेने 'पिरी' म्हणतो. ट्रामला 'बिंबा'. आणि वाक्यात कुठेही घुसणारा 'तेय' म्हणजे निव्वळ आपला 'अरे', 'रे'.

आता मूळ शब्दाकडे येऊ, कारण मराठी माणसाला तो जितका जवळचा वाटेल तितका इंग्रजाला वाटणार नाही. 'कोलेयाश' आला 'कोलेय'पासून. कोलेय म्हणजे आज रेल्वे, पण आगगाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द भाषेत होता. तेव्हा त्याचा अर्थ होता गाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खाच. म्हणजे आपली चाकोरी! आणि जशी चाकोरी चाकापासून, तसा कोलेय हा 'कोवो'पासून, आणि कोवो म्हणजे चाक. भाषाशास्त्राच्या हिशेबात हा 'कोवो' आणि आपला 'चक्र' एकाच इंडो-युरोपीय धातूची पोरं आहेत. पुढे रूळ आले तेव्हा पोलिश लोकांनी नवा शब्द घडवला नाही, चाकोरीलाच लोखंडी केलं. आपण मात्र 'रूळ' म्हणून मोकळे झालो. कोलेयचा आणखी एक अर्थ आहे, पाळी. एकामागून एक जाणं आलं की पाळी आलीच. 'माझी पाळी' म्हणताना पोलिश माणूस हाच शब्द वापरतो आणि त्याचंच लहान रूप 'कोलेय्का' म्हणजे रांग. साम्यवादी राजवटीत पोलंडमध्ये या शब्दाला काय दिवस आले, ते मांसाच्या दुकानापुढे उभं राहिलेल्यांनाच विचारावं.

तर व्युत्पत्तीने कोलेयोश म्हणजे 'चाकोरीवाला'. भाषांतर म्हणून हे अर्थातच चालणार नाही. मराठीत चाकोरीतला म्हणजे आयुष्यात नवं काही न करणारा, आणि चाहते धावून येतील.

रेल्वेचा संबंध कुठून आला? क्लब १९२२ साली पोझनानच्या देंब्येत्स भागात सुरू झाला आणि त्याचं पहिलं नाव होतं 'लुत्न्या', म्हणजे एक तंतुवाद्य. १९३०च्या दशकात तो रेल्वे कर्मचाऱ्यांच्या लष्करी प्रशिक्षण संघटनेच्या छत्राखाली गेला. महायुद्धानंतर त्याला रेल्वे क्रीडा क्लब म्हणू लागले. त्याची आद्याक्षरं, 'के-के-एस', आजही नावापुढे आहेत. मग स्टालिनचा काळ आला आणि सोव्हिएत नमुन्यावर सगळे क्लब कामगार संघटनांना आणि खात्यांना वाटून दिले गेले. क्राकूवचा विस्वा झाला 'ग्वार्दिया', क्राकोव्हिया झाला 'ओग्निवो', आणि पोझनानचा हा क्लब 'कोलेयाश'. आ-वाला. हे नाव त्यांचं एकट्याचंही नव्हतं. वॉर्सामधल्या पोलोनियालाही तेच चिकटवलं होतं. १९५६च्या राजकीय उलथापालथीनंतर जुनी नावं परत आली आणि १९५७मध्ये आपल्या क्लबने 'लेख' हे नाव घेतलं.

म्हणजे सरकारी शिक्क्यावरचा आ केव्हाच गेला, बोलीतला ओ टिकला. मला वाटतं, इतर गावांतले कोलेयाश पुष्कळ, पण ओ ऐकला की गावाचं नाव सांगावं लागत नाही, हेच त्याचं बळ. शिवाय या रेल्वेच्या वर्षांत क्लबने चांगलं फुटबॉलही पाहिलं होतं. आन्योवा, ब्यावास आणि चाप्चिक हे तिघे आघाडीला खेळत. आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'एबीसी' म्हणत. त्यातला तेओदोर आन्योवा १९४९, १९५० आणि १९५१ अशी लागोपाठ तीन वर्षं लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. पहिलं विजेतेपद मात्र १९८३ उजाडेपर्यंत मिळालं नाही. रॉबर्ट लेवांडोव्स्की बार्सिलोनात गाजण्याच्या कितीतरी आधी, २०१०मध्ये, याच क्लबकडून विजेता झाला होता.

'लेख' हे नाव दंतकथेतलं आहे. लेख, चेख आणि रुस हे तीन भाऊ. त्यांच्यापासून पोलिश, चेक आणि रशियन लोक झाले, अशी कथा. लेखला एका झाडावर पांढऱ्या गरुडाचं घरटं दिसलं, तिथेच त्याने वस्ती केली आणि तिला नाव दिलं ग्न्येझ्नो. हे गाव पोझनानच्या जवळच आहे. घरट्याला पोलिशमध्ये 'ग्न्याझ्दो' म्हणतात आणि तो शब्द संस्कृत 'नीड'चा सख्खा भाऊ.

देवनागरीत कसं लिहावं? काही ठिकाणी 'लेच' लिहिलेलं दिसतं, ते इंग्रजी वळणाचं आहे आणि चूक आहे. शेवटचा उच्चार घशातून घासत येणारा ख, 'ख़ुदा'मधल्यासारखा. 'लेह' लिहावं तर लडाख आठवतं, शिवाय शेवटचा ह मराठीत विरून जातो. 'लेख' लिहावं तर 'काल लेख हरला' वाचून संपादक दचकतील. तरी मी 'लेख'च्याच बाजूने आहे. टोपणनाव भाषांतरित न करता 'कोलेयोश' असंच ठेवावं आणि पहिल्यांदा आलं की पुढे 'रेल्वेवाला' असा खुलासा करावा. 'रेल्वेवाले' नको, कारण मूळ शब्द एकवचनी आहे. अख्खा क्लब म्हणजे एक माणूस.

लिंगाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता, पण सांगतो. पोलिशमध्ये तीन लिंगं आहेत आणि भूतकाळी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. लेख पुल्लिंगी, वॉर्साचा लेगिया क्लब स्त्रीलिंगी आणि लुबिनचा झाग्वेंब्ये चक्क नपुंसकलिंगी. त्यामुळे त्यांचे समालोचक 'प्शेग्राव', 'प्शेग्रावा', 'प्शेग्रावो' अशी तीन रूपं वापरतात. हिंदीत इथे नपुंसकलिंगाची पंचाईत होते. आपण सरळ लिहू शकतो: लेख हरला, लेगिया हरली, झाग्वेंब्ये हरलं.