गाडी तापली की चार्जिंग जातं: पार्ट बदलण्याआधी जोड तपासा

तुमच्या बाइकची तक्रार थोडक्यात अशी: बॅटरी नवी, रेक्टिफायरही (इंजिनवर तयार होणारी एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा पार्ट) बदलून झाला, गॅरेजमध्ये मीटर लावला की १४.२ व्होल्ट दिसतात. तरीही एखाद्या सकाळी सेल्फ नुसता टक टक करतो, आणि लांबच्या राइडला तासाभराने हेडलाइट मंदावते, थोडं थांबलं की परत ठीक. यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे शेवटचं. गाडी तापल्यावर बिघडते आणि गार झाली की सुधारते, म्हणजे गार गाडीवर काहीही तपासलं तरी उत्तर 'सगळं ओके' असंच येणार. गॅरेजवाल्याचा आकडा खोटा नाही, फक्त मोजायची वेळ चुकली.

आधी बॅटरीचा निकाल लावून टाका. बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा, १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. मग सेल्फ मारताना मीटरकडे बघा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी गेली, नवी असली तरीही. अर्धवट चार्जवर पुन्हा पुन्हा वापरली की नव्या बॅटरीचीही वाट लागते. टर्मिनलचे बोल्टही बघा. कधीकधी बोल्ट लांब असतो, तळाला टेकतो आणि पान्याला घट्ट लागतो, पण त्याच्याखालचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोटाने फिरवलं तर फिरतं. अशा वेळी बोल्ट आणखी आवळून उपयोग नाही, खाली वॉशर टाका.

आता माझा खरा संशय. स्टेटरकडून (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) तीन एकाच रंगाच्या वायरी, बहुतेक गाड्यांत पिवळ्या, निघून रेक्टिफायरकडे जातात. मध्ये एक कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, असतो. तो उघडा आणि उजेडात नीट बघा. पांढरं प्लास्टिक एखाद्या पिनेभोवती तपकिरी झालंय का? तिन्हींपैकी एका पिनेची चमक जाऊन ती काळी-निळी पडलीय का? वायरीचं आवरण पिनेजवळ कडक होऊन तडकलंय का? इंजिन चालू असेपर्यंत या पिनांतून सतत मोठा करंट जातो. पिन जराशी सैल झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, त्याने ती तापते, तापली की तिची स्प्रिंग आणखी मरते. गार असताना जेमतेम टेकलेली पिन तापल्यावर सुटते, आणि तीनपैकी एक फेज (म्हणजे या तीन वायरींपैकी एक) गेला की हेडलाइट चालू असताना उरलेल्या दोघांना बॅटरी भरणं जमत नाही. तुमचा रेक्टिफायर बदलला तेव्हा गाडीकडचा अर्धा कपलर जुनाच राहिला असणार. म्हणजे नवा पार्ट जळक्या पिनेवरच बसला.

पॉलिश पेपरने पिन घासून पुन्हा लावणं हा काही आठवड्यांचा इलाज आहे, कारण चमक परत आली तरी स्प्रिंगची पकड येत नाही. जळका भाग कापून नव्या पिना नीट क्रिम्प करा (वायरीवर दाबून घट्ट बसवा), किंवा कपलरच काढून तिन्ही वायरी थेट जोडा. सोल्डर केलंत तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्या; व्हायब्रेशनने वायर तुटते ती सोल्डर जिथे संपतं तिथेच.

कपलर स्वच्छ निघाला तर पुढची तपासणी व्होल्टेज ड्रॉपची. ती फारसं कोणी करत नाही. इंजिन ४००० आरपीएमच्या आसपास, हेडलाइट चालू, मीटर डीसीवर. एक प्रोब रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह वायरीत कपलरच्या मागून घाला, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर तेवढं मधेच कुठेतरी खाल्लं जातंय: फ्यूज होल्डर, मेन कपलर, नाहीतर गंजलेला जोड. तसंच निगेटिव्हच्या बाजूलाही करा, चॅसिसची अर्थिंग धरून. इथे कंटिन्युइटीचा बीप ऐकून समाधान मानू नका. दहा तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर बीप देतोच, लोड आला की मात्र ती दम तोडते. हे चालू असतानाच हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा, आकडा नाचतो का बघा.

हे सगळं करूनही सापडलं नाही तर तापलेली गाडी पकडायला लागेल. हँडलवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावा, फ्यूज घालून सरळ बॅटरीवरून. राइड करताना रेव्हवर १३.८ ते १४.५ दिसत असतील तर ठीक. तेराच्या खाली उतरले की सुरक्षित जागी थांबा आणि गार होऊ न देता मोजा. स्टेटरचा कपलर सोडवा, इंजिन पुन्हा चालू करा, मीटर एसीवर ठेवून तीन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. ५००० आरपीएमला पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त व्होल्ट येतात, म्हणून उघड्या पिनेला हात लावू नका. आकड्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर ते इंजिनची बॉडी तपासा. काहीही कंटिन्युइटी दिसली तर स्टेटरचं इन्सुलेशन गरम झाल्यावर फुटतंय. (काही जुन्या, छोट्या सिंगल फेज गाड्यांत कॉइलचं एक टोक मुद्दाम अर्थ केलेलं असतं, तिथे ही शेवटची तपासणी लागू नाही.) तिन्ही एसी आकडे गरम असतानाही समान, जोड ठीक, आणि तरी बॅटरीवर व्होल्टेज कमी, तर मग दोष रेक्टिफायरचा, नवा असला तरी. तो हवा लागेल अशा जागी, बॉडीला घट्ट बसवलेला आहे ना हेही बघा. शंट प्रकारचा असेल तर जास्तीची वीज तो स्टेटरकडेच परत वळवतो आणि त्यात स्वतःही भरपूर तापतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'गाडी चालते का बघ' असं कुणीतरी नक्की सांगेल. करू नका. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मीटर कन्सोल, बल्ब यांपैकी काहीतरी जातं.

एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: फॉग लॅम्प, हीटेड ग्रिप असलं काही जादा लावलंय का? असेल तर ते सोडवून एक राइड करा, कारण आयडलला स्टेटर फार कमी वीज देतो आणि ट्रॅफिकमध्ये जादा लोड बॅटरीतूनच जातो. नसेल तर उघडलेल्या कपलरचा जवळून फोटो आणि तापलेल्या गाडीवरचे तीन एसी आकडे कळवा. तोवर स्टेटर किंवा त्याच्या कव्हरचं गास्केट मागवू नका.