जुळी घरी आल्यावर

ताई, आधी एवढंच करा: एक दुधाला उठलं की दुसऱ्यालाही उठवा. ‘झोपलंय बिचारं’ म्हणून सोडलंत की रात्रभर आळीपाळीनं तुम्हीच जाग्या. कोण किती वाजता प्यालं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पहाटे चारला काही आठवत नाही. बघायला येणाऱ्यांच्या हाती बाळ नको, लंगोटांची बादली द्या. (खानापूरकडच्या पावसात लंगोट वाळत नाहीत, जुन्या लुगड्यांचे जास्तीचे शिवून ठेवा.)

नेहमीच्या चुका:
- दोघांच्या वजनाची तुलना. पहिल्या आठवड्यानंतर प्रत्येकाचे दिवसाला सहाएक लंगोट ओले होतायत ना? मग दूध पुरतंय.
- घुटी, पाणी. सहा महिने नकोच, आजी रुसल्या तरी. मध वर्षभर नाही.
- तीन महिन्यांच्या आत १००.४ ताप आला तर वाट बघणं. लगेच डॉक्टर.

झोपेचं वेळापत्रक नंतर बघू.