सव्विसाव्या वर्षी पॅरा पॉवरलिफ्टिंग सुरू करून मुलीला त्यात कारकीर्द घडवता येते का?

डाव्या पायाला पोलिओ असलेल्या आपल्या धाकट्या बहिणीने सव्विसाव्या वर्षी पॅरा पॉवरलिफ्टिंग, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचा वजन उचलण्याचा खेळ, सुरू केला तर फार उशीर होईल का, आणि त्यात पुढे काही घडू शकते का, असे आपण विचारले आहे. मला स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता आणि गेली अकरा वर्षे मी या खेळाच्या राज्य व राष्ट्रीय स्पर्धांत उतरते आहे. सव्विसावे वर्ष या खेळात मुळीच उशिराचे नाही. ताकद येथे वर्षानुवर्षे, किलोकिलोने वाढते. नायजेरियाच्या ल्यूसी एजिके यांनी 2000 साली सिडनीच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे महिलांचे पॉवरलिफ्टिंग तेथे प्रथमच आले तेव्हा, रौप्यपदक जिंकले होते. 2021 मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेतही त्या पदकाच्या मंचावर होत्या.

आपल्याकडचे उदाहरण सकीना खातून यांचे. पश्चिम बंगालमधील बसिरहाट भागातले गरीब घर, बालपणीचा पोलिओ, त्यावरच्या शस्त्रक्रिया आणि व्यायाम म्हणून सुरू झालेले पोहणे, अशी त्यांची सुरुवात आहे. पॉवरलिफ्टिंगकडे त्या नंतर वळल्या आणि बंगळुरूला फरमान बाशा यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या. 2014 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, आणि टोकियोला 50 किलो वजनगटात 93 किलो उचलून पाचवा क्रमांक त्यांनी मिळवला. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. पुढे 2024 मध्ये पॅरिसला त्या 45 किलो गटात खेळल्या. दोन पदकांमध्ये चार वर्षे गेली, आणि त्या चार वर्षांत बातमी होण्यासारखे फारसे काही नसताना रोज बाकावर आडवे व्हावे लागले असेल, हे मला आतून समजते. हा खेळ ज्यांना हवा आहे त्यांनी या वर्षांची तयारी आधी मनाशी करावी.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. यात उचलण्याचा एकच प्रकार असतो, बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे. गट अपंगत्वाच्या प्रकारावर पडत नाहीत, शरीराच्या वजनावर पडतात. म्हणून पोलिओग्रस्त, पाय गमावलेली आणि मणक्याची इजा झालेली मुलगी एकाच गटात येऊ शकते. खेळाडूचे पाय जमिनीवर नसतात, बाकावरच सरळ असतात आणि हवे असल्यास पट्ट्याने बांधता येतात. त्यामुळे इतर लिफ्टर पायांनी जो रेटा घेतात, तो आपल्याला मिळत नाही. ‘स्टार्ट’ची आज्ञा मिळाली की बार छातीपर्यंत आणायचा, तेथे तो स्पष्टपणे थांबला पाहिजे, मग दोन्ही हातांनी सारखाच वर न्यायचा आणि कोपरे ताठ करून ‘रॅक’ ही बार परत ठेवण्याची आज्ञा ऐकू येईपर्यंत धरून ठेवायचा. तीन पंचांपैकी दोघांचे दिवे पांढरे लागले तरच लिफ्ट ग्राह्य धरली जाते.

माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेत 52 किलोचा बार वर गेला होता, माझ्या मते अगदी सहज गेला होता, आणि तरीही दोन लाल दिवे लागले. डावा हात आधी ताठ झाला होता आणि उजवा किंचित मागून आला होता. मी लहानपणापासून डाव्या हाताने गुडघा दाबत चालते, त्यामुळे तो हात आणि खांदा उजव्यापेक्षा बराच भक्कम झाला होता, आणि हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. आपली बहीण अशीच चालत असेल तर पहिले सहा महिने वजन वाढवण्याची घाई करू नका. प्रत्येक हातात एकेक सारख्या वजनाचे डंबेल देऊन मागे पडणारा हात आधी बरोबरीला आणा. खांदा दुखावला तर या खेळाडूचे चालणे, उठणे, बसमध्ये चढणे, सारेच अडते.

साध्या जिममधला बाक आखूड असतो आणि पाय खाली लोंबतात. माझ्या वडिलांनी सुताराकडून बाकाच्या उंचीचे एक लाकडी स्टूल करून घेतले होते. ते बाकाला जोडून मी पाय सरळ ठेवत असे. स्पर्धेचा बाक 2.1 मीटर लांबीचा असतो.

पैशांविषयी स्पष्ट सांगते. सुरुवातीची काही वर्षे प्रवास, आहार आणि फिजिओथेरपी यांचा खर्च घरालाच उचलावा लागतो आणि त्यातच अनेक चांगल्या मुली थांबतात. म्हणून बहिणीची नोकरी किंवा शिक्षण सोडवू नका. सरकारी भरतीत दिव्यांगांसाठी 4 टक्के आणि महाराष्ट्रात खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. परंतु क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याशिवाय खेळाडूंच्या आरक्षणाचा उपयोग होत नाही, तेव्हा प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि निकालपत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी ओळखपत्र, नसेल तर त्याचा अर्ज आधी करा. स्पर्धेत वर्गीकरण करणारे, म्हणजे खेळाडू या खेळासाठी पात्र आहे का हे ठरवणारे, तज्ज्ञ पायाबरोबर कोपरेही तपासतात, कारण हात पूर्ण ताठ होण्यात 20 अंशांहून अधिक उणीव चालत नाही. तेवढे घरीच पाहून घ्या, आणि मग तिला रिकाम्या 20 किलोच्या बारखाली झोपवून, छातीवर एक क्षण थांबवत, सावकाश पाच वेळा उचलायला सांगा. त्या वेळी समोर उभे राहून तिची दोन्ही कोपरे बघा आणि काय दिसले ते मला येथेच कळवा.