आधी शेवट, मग खून

तुझी कथा वाचली. खून झकास केलायस, पण खुनी थेट शेवटच्या पानावर पहिल्यांदा दिसतो. याला रहस्य म्हणत नाहीत रे, ही वाचकाची फसवणूक झाली. मी आधी शेवट लिहितो: कोणी, कसं, का. मग मागे येत तीन-चार धागेदोरे पेरतो, तेही वाचकाचं लक्ष दुसरीकडे असेल अशा जागी. जावांचं भांडण रंगात आलेलं असताना टेबलावरची औषधाची बाटली सहज येऊन जाते. पुढे चौकशीत ती निघाली की वाचक मागची पानं उलटतो. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

तपशिलात आळस नको. तुझा इन्स्पेक्टर २०२५ सालच्या खुनाला ‘३०२ लावा’ म्हणतो. १ जुलै २०२४पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. (जुना हवालदार सवयीने ३०२ म्हणाला तर चालेल, उलट मजा येईल.)

दिवाळी अंकासाठी लिहितोयस तर गणपतीपर्यंत थांबू नकोस, पावसाळ्याच्या तोंडाशीच कथा तयार ठेव. मानधनावर घर चालत नाही, नोकरी सांभाळ.

आणि नाव नाही म्हणून कुढू नकोस. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, अक्षरही पत्नीचं. पहिलं बक्षीस मिळालं.

सुधारलेला खर्डा पाठव. फक्त त्या बंद खोलीची कडी आतून कोणी लावली, ते एकदा ठरवून टाक.